पुन्हा पुन्हा उघडावीशी वाटणारी पुस्तके : आपली कोणती आणि का?

शनिवारपेठेतली वाचक
घरात सासूबाईंचे दीर्घ आजारपण सुरू असल्यामुळे रात्री जागावे लागते. त्या वेळी नवे पुस्तक घेतले की चार पानांपलीकडे मन लागत नाही. मात्र लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' कुठेही उघडली तरी मी त्यात रमते. वास्तविक त्यात सुखाचे दिवस थोडे आहेत. १८९५ मध्ये त्यांचे पती कवी ना. वा. टिळकांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारल्यानंतर लक्ष्मीबाईंना काही वर्षे त्यांच्यापासून दूर राहावे लागले, आणि तो काळ किती अवघड होता हे त्या काहीही न लपवता सांगतात. तरीही त्यांचे सांगणे इतके मोकळे आणि खेळकर आहे की वाचताना कुणी वडीलधारी बाई शेजारी बसून बोलते आहे असे वाटते. आपण कोणत्या पुस्तकांकडे असे परतता? केवळ नावे न देता त्यांतले काय धीर देते तेही कृपया लिहावे.

निवृत्त शिक्षक, सिंहगड रस्ता
ताई, माझ्यासाठी ते पुस्तक म्हणजे व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' (१९५५). विद्यार्थिदशेत मी ती पुणे नगर वाचन मंदिरातून आणली होती; पुढे स्वतःची प्रत घेतली आणि तिचीही शिवण आता सुटली आहे. धनगरांच्या वस्तीवर आलेला तरुण मास्तर, त्याला हळूहळू आपला मानणारी माणसे, सर्वांनी मिळून उभी केलेली तालीम आणि शेवटी दुष्काळात ओस पडणारे गाव. शेवट गोड नसूनही हे पुस्तक मन शांत करते, याचे कारण मला लेखकाच्या संयमात दिसते. तो वाचकाकडे अश्रू मागत नाही. लहान, नेमक्या वाक्यांत माणसे दाखवतो आणि बाजूला होतो. आपल्याला मात्र मध्येच उठावे लागत असणार, म्हणून सलग कादंबरीपेक्षा सुटी प्रकरणे असलेली पुस्तके जवळ ठेवावीत. चिं. वि. जोशींच्या चिमणरावाच्या विनोदी गोष्टी किंवा पु. ल. देशपांडे यांचे 'व्यक्ती आणि वल्ली' त्यासाठी योग्य ठरेल.

टेकडीवरचा
दुर्गा भागवतांच्या 'ऋतुचक्र'चा उल्लेख व्हायलाच हवा. चैत्रापासून फाल्गुनापर्यंत प्रत्येक महिन्यावर एक लेख आहे, आणि मी तो त्या त्या महिन्यातच वाचतो. सकाळी वेताळ टेकडीवर जाऊन आल्यावर दोन-तीन पाने वाचली की आपण रोज पाहत असलेल्या झाडाकडे किती वरवर पाहत होतो, हे लक्षात येते. हे पुस्तक संपवण्याची घाई कधीच होत नाही.

कर्वेनगरची रहिवासी
विनोदी पुस्तकाने नेहमीच बरे वाटते, या मताशी मी पूर्णपणे सहमत नाही. आई गेल्यानंतर कित्येक महिने मला हसवणारे काहीही वाचवत नव्हते. त्या दिवसांत 'श्यामची आई'सुद्धा मी दूर ठेवली होती; ती रडवते म्हणून नव्हे, तर तिच्या बेचाळीस रात्रींपैकी प्रत्येक रात्र मुलाच्या वागण्याची झडती घेते आणि तेवढे बळ माझ्यात नव्हते म्हणून. मला आधार दिला तो गो. नी. दांडेकरांच्या 'कुणा एकाची भ्रमणगाथा'ने. नर्मदेच्या काठाने चालणे, आज इथे मुक्काम तर उद्या पुढे, वाटेत कुणी जेऊ घालणारे भेटणे, या संथ गतीबरोबर माझे वाचनही पुन्हा सुरू झाले. एक सुचवावेसे वाटते : आपल्या सासूबाईंना ऐकण्याचा त्रास होत नसेल, तर त्यांना मोठ्याने वाचून दाखवावे.

शनिवारपेठेतली वाचक
ही सूचना फार आवडली. त्यांना पु. ल. प्रिय आहेत, त्यामुळे 'व्यक्ती आणि वल्ली'च घेईन. आरंभ कोणत्या व्यक्तिचित्राने करावा?

निवृत्त शिक्षक, सिंहगड रस्ता
'नारायण'ने करावा. लग्नघरातली ती सगळी धावपळ मोठ्याने वाचताना विशेष रंगते आणि ऐकणाऱ्याला स्वतःच्या घरातली लग्ने आठवू लागतात. 'अंतू बर्वा' मात्र त्यांची प्रकृती थोडी सुधारल्यावर वाचावा; त्यातला एकटेपणा आजारी माणसाला जड जाऊ शकतो.