मदत हवी आहे: ब्रॉडबँडचा ६०० जीबी कोटा सोळा दिवसांत संपतोय

नमस्कार मंडळी,

आमच्याकडे कऱ्हाडात फायबरचं कनेक्शन आहे. ६० एमबीपीएस, 'अनलिमिटेड'. त्या अनलिमिटेडच्या पोटात ६०० जीबीची एफयूपी (पूर्ण वेगाने वापरायची मर्यादा) आहे, ती संपली की वेग २ एमबीपीएस. वर्षभर कधी ४०० च्या पुढे गेलो नव्हतो. गेले दोन महिने मात्र ५ तारखेला चालू झालेला कोटा २१ ला संपतो, आणि मग साधं लाईट बिल भरायचं तरी पान गोल गोल फिरत बसतं.

घरात चार माणसं. टीव्हीवर रोज दोनेक तास मालिका. मुलाने या महिन्यात १२० जीबीचा एक गेम उतरवला (त्यावरून जे व्हायचं ते घरात होऊन गेलंय). तरी हिशेब ६०० पर्यंत जात नाही. केबलवाला म्हणतो, "काका, वापर तुमचाच आहे, वरचा प्लॅन घ्या." वायफायचा पासवर्डही बदलून झाला. मीटर खोटं पळतंय का? तक्रार करता येईल का?

– कोयनाकाठ

---

आमच्या प्लॅनला ३३०० जीबी आहेत, कधीच संपत नाहीत. बदलून टाका.

– निवांत

---

निवांत, त्यांना गळती शोधायची आहे, तुम्ही मोठी टाकी बसवायला सांगताय. :)

कोयनाकाठ, तक्रारीचं म्हणाल तर ट्रायच्या (दूरसंचार नियामकाच्या) २०१६ च्या आदेशानुसार मर्यादा किती आणि ती संपल्यावर वेग किती, हे कंपनीने आधी स्पष्ट सांगायला हवं, आणि तो वेग ५१२ केबीपीएसच्या (साधारण अर्ध्या एमबीपीएसच्या) खाली नेता येत नाही. तुम्हाला २ एमबीपीएस मिळतोय, त्यामुळे त्या मुद्द्यावर हातात काही लागणार नाही. अनलिमिटेड म्हणजे नेट बंद पडणार नाही, एवढंच. ६० च्या पूर्ण वेगाने ओढलं तर ६०० जीबी २२ तासांत खलास होतात, गणित करून बघा.

राउटरच्या पानावर अपलोड आणि डाउनलोड वेगळे दिसतात का? बहुतेक ठिकाणी कोट्यात दोन्ही मिळून मोजतात, हे लोकांच्या लक्षात येत नाही.

– तारेवरची कसरत

---

आत्ताच पाहिलं. डाउनलोड २४८, अपलोड ३५२! आम्ही कोण एवढं वर चढवतोय?

– कोयनाकाठ

---

दोन महिन्यांत घरात नवीन काय आलं? कॅमेरे वगैरे?

– तारेवरची कसरत

---

अरे देवा. गणपतीत गावी जाताना दोन कॅमेरे बसवले होते. एक दारात, एक जिन्यात. रेकॉर्डिंग क्लाउडवर जातं, चोवीस तास.

– कोयनाकाठ

---

सापडला चोर, तोही चोर पकडायच्या कॅमेऱ्यात. एका कॅमेऱ्याला १ एमबीपीएस धरा: दिवसाला १०.८ जीबी. दोघांचे सोळा दिवसांचे साधारण ३४५. म्हणजे मीटर बरोबर आहे. शिवाय कोटा संपल्यावर त्या २ एमबीपीएसची अपलोडची बाजू हे दोघेच भरून टाकतात, म्हणून तुमचं लाईट बिल अडकतं.

कॅमेऱ्याच्या ॲपमध्ये सतत रेकॉर्डिंग बंद करून हालचाल झाली तरच क्लाउडवर पाठव, असं ठेवा. सतत हवंच असेल तर प्रत्येकात १२८ जीबीचं मेमरी कार्ड घाला. अकरा-बारा दिवसांचं राहतं, मग जुन्यावर नवीन लिहिलं जातं. मात्र कॅमेराच उचलून नेला तर कार्डही गेलं, म्हणून हालचालीचं तेवढं क्लाउडवर असू द्या.

– तारेवरची कसरत

---

कार्ड घेताना साधं मोबाईलचं घेऊ नका, सतत लिहून लवकर मरतं. 'हाय एंड्युरन्स' लिहिलेलं बघा.

– सोनचाफा

---

सर्वांचे आभार. जिन्यातला लगेच हालचालीवर टाकला. दारातल्याचा प्रश्न आहे, समोरच रस्ता, दर मिनिटाला गाडी जाते. त्यात फक्त फाटकापुरता भाग निवडता येतो का? आणि हो, मुलाची माफी मागायची राहिली आहे, तो क्लासहून आला की मागतो.

– कोयनाकाठ