ख्रिस्ताला ‘आणखी एक अवतार’ म्हणणाऱ्यांसाठी

वेंगुर्लेकर: नाताळच्या शुभेच्छा देताना इथे एका मालवणकरांनी लिहिले, “तुमचा येशू म्हणजे आमचा अकरावा अवतार, मग भांडण कसले?” हेतू चांगला असेल, पण हे ऐकून कान किटले आहेत. गीतेतला देव युगायुगात येतो आणि कार्य आटोपले की निजधामास जातो. आमची श्रद्धा अशी की, देव एकदाच माणूस झाला आणि झाला तो कायमचा. पुनरुत्थानानंतरही थोमा या शंकेखोर शिष्याला दाखवायला त्याच्या अंगावर खिळ्यांचे वण होते. तो पूर्ण देव आणि पूर्ण मनुष्य आहे, हे ४५१ साली खाल्केदोनला भरलेल्या बिशपांच्या परिषदेने ठरवून टाकले. दुष्टांचा संहार करायला तो आलाच नाही, उलट त्यांच्याच हातून मेला, आणि ते मरण लीला नव्हते, खरे होते.

मालवणकर: ते मालवणकर मीच. शुभेच्छांची अशी परतफेड होईल असे वाटले नव्हते. श्रीकृष्णाचा अंत व्याधाच्या बाणाने झाला, राम सीतेसाठी रडला. त्यांनी सोसले ती लीला आणि तुमच्या देवाने सोसले ते खरे, हा न्याय कुठला? शिवाय फादर स्टीफन्स या इंग्रज मिशनऱ्याचे १६१६ साली छापलेले ‘क्रिस्तपुराण’, म्हणजे ख्रिस्तावरचे मराठी काव्य, ओवीतच आहे. परशुरामाच्या भूमीत राहून एवढे सोवळे कशाला?

वेंगुर्लेकर: कृष्णाचा मुद्दा बिनतोड आहे, घ्या. परंतु मरणाच्या आदल्या रात्री गेथशेमानेच्या बागेत “हा दुःखाचा प्याला टळो” म्हणणारा देव भ्यायला होता. चौथ्या शतकातल्या नाझियान्झसच्या ग्रेगरी या धर्मपंडिताचे म्हणणे असे की, माणसाचे जे ख्रिस्ताने धारण केले नाही ते बरेही झाले नाही. म्हणून आमची भीतीसुद्धा त्याला घ्यावी लागली. ओवीला माझी हरकत कधीच नव्हती.

रेवदंडेकर: परिषदा राहू द्या, आमच्या वाडीतला नाताळचा गोठा, म्हणजे येशूजन्माचा देखावा, पाहून या. थर्माकोलचा बर्फ, चायना लायटिंग, निळ्या डोळ्यांचा बाळ येशू, आणि वर्गणी सक्तीची! माझी आजी सारवलेल्या पडवीत भाताचा पेंढा पसरून त्यावर बाळ ठेवायची, पेंढ्यातले किडे चावतील म्हणून आम्ही लांब बसायचो. देव गरिबाघरी जन्मला हे त्या पडवीत कळत होते.

रत्नागिरीकर: मुळात मूर्ती हवीच कशाला? आम्ही प्रॉटेस्टंट गोठा मांडत नाही, म्हणून आमचा ख्रिस्त कमी देहधारी झाला काय?

रेवदंडेकर: झाला, थोडासा! दमास्कसच्या योहान या धर्मपंडिताने आठव्या शतकातच सांगून ठेवले आहे की, अदृश्य देवाचे चित्र काढता येत नव्हते, पण देव देहात दिसला म्हणून आता येते. ७८७ साली निकेयाच्या दुसऱ्या परिषदेने प्रतिमांना मान्यता दिली. असिसीच्या संत फ्रान्सिसने १२२३ साली इटलीतल्या ग्रेच्चोला गोठा मांडला तेव्हा खरा चारा, खरा बैल आणि खरे गाढव आणले होते. माझे भांडण मूर्तीशी नाही, थर्माकोलशी आहे.

रत्नागिरीकर: मग त्या योहानाच्याच नावाने वर्गणीच्या पावत्या फाडा.

कोर्लईची लेक: तुमचे वर्गणीपुराण जरा थांबवा. बाबांची होडी परतली नाही तेव्हा फादर आईला म्हणाले, “देवाच्या आईनेही लेकाचे प्रेत मांडीवर घेतले.” आई म्हणाली, “तिला प्रेत तरी मिळाले.” तेव्हापासून ती मरियेशी बोलते, देवाशी नाही. सर्वत्र भरलेल्या देवाने तिचे भागले नसते, आणि तुमच्या परिषदांनीही नाही.

मालवणकर: यावर वाद घालणार नाही. ‘अकरावा’ मागे घेतो, वेंगुर्लेकरांनी मिठाई वाटावी. मात्र रामाच्या रडण्याला लीला म्हणून निकालात काढण्यापूर्वी त्यांनी आमच्याकडच्या रामनवमीच्या कीर्तनाला एकदा बसावे. बुवा त्यांना सोडणार नाहीत.