आई-बाबा पहिल्यांदाच जर्मनीला चाललेत: काय शिकवून, काय देऊन पाठवू? (बजेट २० हजार)

गोदाकाठची
नमस्कार मंडळी. आई (६६) आणि बाबा (७१) ऑक्टोबरच्या मध्याला भावाकडे श्टुटगार्टला चाललेत, जानेवारीच्या सुरुवातीला परत येतील. दोघांचाही पहिलाच परदेश प्रवास. भाऊ-वहिनी दोघंही नोकरीला, म्हणजे दिवसभर घरात हे दोघंच. किल्ले, म्युझियम वगैरे भाऊ दाखवेल. मला रोजच्या जगण्यातलं हवंय: तिथे काय वेगळं असतं, कशाने गडबडायला होतं, आधीच काय सांगून ठेवू?
दुसरं म्हणजे थंडीचे कपडे आणि बूट. दोघांचे मिळून २० हजार, त्यापुढे नाही. बाबांना सकाळी तासभर फिरल्याशिवाय चैन पडत नाही. आईचे गुडघे दुखतात. इथून घेऊ की तिथून?

इसारकाठी
जॅकेट इथून मुळीच घेऊ नका. मी माझ्या आई-वडिलांना म्युनिकमध्ये प्रत्येकी अडीचशे युरोचं घेऊन दिलं. वजनाला हलकं, वारा आत शिरत नाही, पाऊस लागत नाही. आता दर वेळी तेच घालून येतात. कपड्यांत पैसे वाचवायचे नसतात. बूटही तिथेच घ्या, शंभर-सव्वाशेत चांगले मिळतात.

गोदाकाठची
अडीचशे युरोत माझं दोघांचं बजेट संपतंय हो.

बाणेरवाला
तिथेच घ्या याला +१. आणि पाण्याचं आधी सांगून ठेवा. दुकानातल्या पाण्याच्या बाटल्यांत निम्म्याहून जास्त सोड्याच्या असतात. 'क्लासिक' लिहिलं असेल तर भरपूर गॅस, 'मेडियम'मध्ये थोडा, 'श्टिल' म्हणजे आपलं साधं. माझ्या काकूंनी 'क्लासिक'मध्ये वरण शिजवलं. खरं तर विकत घ्यायची गरजच नाही, नळाचं पाणी बिनधास्त प्यावं.
रिकाम्या बाटल्या फेकू देऊ नका. एकदाच वापरायची प्लॅस्टिकची बाटली किंवा कॅन असेल तर २५ सेंट, परत भरतात त्या प्लॅस्टिकच्या बाटलीला १५, बिअरच्या काचेच्या बाटलीला ८ सेंट अनामत असते. सुपरमार्केटच्या दाराशी मशिन असतं, त्यात बाटल्या सरकवायच्या, चिठ्ठी घ्यायची आणि काउंटरवर द्यायची. बाटली चेपली की मशिन बारकोड वाचत नाही आणि परत बाहेर ढकलतं. तुमच्या बाबांना हे काम द्या, आवडेल त्यांना.

चिंचेचा_कोळ
सगळ्यात महत्त्वाचं कुणी सांगितलंच नाही. किल्ली!
तिथल्या फ्लॅटच्या दाराला बाहेरून फिरवायची मूठ नसते, नुसता गच्च बसवलेला गोळा असतो. दार मागे लागलं की आतून कडी नसली तरी बाहेरून किल्लीशिवाय उघडत नाही. माझी आई सकाळी ओला कचरा टाकायला खाली उतरली, अंगावर गाऊन आणि पायात घरातल्या सपाता. वाऱ्याने दार लागलं. मी ऑफिसात, फोन आत, गॅसवर कुकर. शेजारच्या आजींनी तिला आत घेतलं म्हणून निभावलं. रविवार किंवा रात्र असेल तर कुलूपवाला जादा दर लावतो, आमच्याकडून दोनशे युरोच्या वर घेतले आणि काम दोन मिनिटांचं. किल्ली गोफात ओवून गळ्यात. दार ओलांडायचं तर किल्ली हवीच, पायपुसणं झटकायला गेलात तरी.

सातारी_तिखट
किल्लीला १०० टक्के अनुमोदन. आमच्याकडेही झालं होतं, आणि त्या दिवशी बर्फ होता.
खायचं म्हणाल तर घरचं तूप भरपूर द्या. तिथे तूप महाग आणि चवही येत नाही. सासूबाईंनी दोन किलो नेलं, कुणी बॅग उघडूनही पाहिली नाही.

रवाळ_तूप
नाव तुपाचं असलं तरी सांगते, तूप नेऊ नका. युरोपियन युनियनमध्ये बाहेरून येणाऱ्या प्रवाशाला दूध आणि मांसाचे पदार्थ आणायला बंदी आहे. तूप, पेढे, खवा, चक्का, सगळं त्यात आलं. सापडलं तर जप्त होतं, दंडही होऊ शकतो. सासूबाईंची बॅग उघडली नाही म्हणून नियम बदलत नाही. तिथे बिनमिठाचं लोणी अडीचशे ग्रॅमच्या वड्यांत मिळतं, ते घरीच कढवावं. रवाळ होतं, मी दर महिन्याला करते. श्रीखंडासाठी ४० टक्के फॅट लिहिलेलं 'क्वार्क' (दह्यासारखं मऊ ताजं चीज) घ्या आणि फडक्यात रात्रभर टांगा. चक्क्याला तोड.
कढीपत्ता, मिरच्या, आंबे, ताजी फळं-भाजी यांनाही झाडांच्या आरोग्याचं प्रमाणपत्र लागतं. त्यातून सूट फक्त अननस, नारळ, केळी, खजूर आणि डुरियनला. नारळ न्या हवे तर. मसाले, पापड, सांडगे, लाडवाच्या ऐवजी चिक्की, हे चालतं.

सातारी_तिखट
आमच्या ओळखीत सगळे नेतात. कुणाचं गेलेलं ऐकलं नाही.

फराळवाली
दिवाळी तिकडेच होणार ना? दुबईमार्गे विमान असेल तर खसखस आणि खसखशीचे अनारसे बॅगेत नकोत. अमिरातीत खसखस अमली पदार्थांत मोडते.

सातारी_तिखट
मग अनारसे कशाला लावायचे? तीळ लावून नाही होत अनारसे.

फराळवाली
आमच्या विदर्भात तीळ लावणारे आहेत. चांगले होतात.

गोदाकाठची
विमान मुंबई-फ्रँकफर्ट थेट आहे, दुबई नाही. तुपाचं बरं झालं सांगितलंत, आईने डबा काढूनच ठेवला होता. कृपया बूट-जॅकेटचंही सांगा, आणि बजेट २० हजारच आहे.

निवृत्त_मास्तर
मी मुलाकडे श्टुटगार्टलाच राहून आलो. फिरण्याबद्दल तुमच्या वडिलांना नीट सांगा. डिसेंबरात तिथे सूर्य सव्वाआठला उगवतो आणि साडेचारला मावळतो. पहाटे साडेपाचला फिरायची सवय असेल तर दोन-अडीच तास मिट्ट काळोख आणि फुटपाथवर ओला पाला. थंडी शून्याच्या मागेपुढे, पण दमट, हाडात शिरणारी. त्यांनी दहाला निघावं.
फुटपाथवर सायकलींची पट्टी आखलेली असते, तिच्यावर चालायचं नाही. सायकलवाले वेगात येतात आणि घंटी वाजवून ओरडतात. सिग्नल लाल असेल आणि रस्ता मोकळा असला तरी उभं राहायचं, विशेषतः मुलं शेजारी असतील तर. जिन्यात, लिफ्टमध्ये अनोळखी माणसालाही हॅलो म्हणायचं. मी ते करू लागलो आणि मजल्यावरची सगळी माणसं बोलायला लागली.
शिवाय श्टुटगार्टचं खास म्हणजे 'केऱवोख'. बऱ्याच जुन्या इमारतींत दर आठवड्याला एका घराकडे जिना झाडायची, पुसायची पाळी असते. पाटी दाराला अडकवली की पाळी तुमची. मुलगा-सून कामात असल्यामुळे मी ते काम अंगावर घेतलं. समोरच्या बाईंनी नाताळात केक आणून दिला.

इसारकाठी
केऱवोख म्युनिकमध्ये नाही. कचऱ्याचं मात्र सगळीकडे आहे: कागद, ओला, पॅकिंग, उरलेलं, सगळं वेगळं. काचेच्या बाटल्या रस्त्यावरच्या टाकीत टाकायच्या, पण रविवारी नाही, आवाज होतो म्हणून.

बाणेरवाला
रविवारी काहीच नाही. दुकानं बंद, ड्रिल नाही, व्हॅक्यूम क्लीनरही फिरवत नाहीत. शनिवारी संध्याकाळपर्यंत दूध-भाजी भरून ठेवायची. राहिलंच तर मोठ्या रेल्वे स्टेशनमधलं दुकान किंवा पेट्रोलपंप. २५ आणि २६ डिसेंबर सुट्टी, २४ ला दुपारीच बंद होतात. रात्री दहा ते सकाळी सहा शांतता. आईंचा मिक्सर सकाळी साडेपाचला नको.

चिंचेचा_कोळ
मिक्सर न्यायचा असेल तर चालतो, २३० व्होल्ट तिथेही आहेत. फक्त आपला तीन पिनचा प्लग तिथे बसत नाही, अडॅप्टर लागतो. आणि संडासात पाण्याची सोय नसते हे कुणी सांगणार नाही म्हणून मीच सांगते. पिळायची प्लॅस्टिकची बाटली द्या. बाहेर बऱ्याच स्वच्छतागृहांत पैसे पडतात, ५० सेंट, १ युरोची नाणी आईंच्या पर्समध्ये वेगळी ठेवा.

औषधवाला_काका
बाकी सगळं नंतर. बीपी, शुगर काही आहे का? औषधं तीन महिन्यांपर्यंतची स्वतःपुरती नेता येतात. मूळ पाकिटात ठेवा, सोबत डॉक्टरांचं इंग्रजी पत्र, त्यात ब्रँडऐवजी औषधाचं मूळ नाव. तिथे साधं पॅरासिटामॉलसुद्धा औषधाच्या दुकानातच मिळतं, सुपरमार्केटमध्ये नाही. व्हिसासाठी ३० हजार युरोचा विमा लागतो, पण बहुतेक स्वस्त पॉलिसींत जुने आजार धरत नाहीत. माझ्या बहिणीच्या सासऱ्यांना तिथे छातीत दुखलं तेव्हा कंपनीने आधीचा बीपी दाखवून हात वर केले. बारीक अक्षरातलं वाचा. आणीबाणीला ११२. तेवढं गंभीर नसेल आणि दवाखाना बंद असेल तर ११६११७. दोन्ही नंबर फ्रिजवर चिकटवा.

सातारी_तिखट
विमा लागतो फक्त व्हिसाला. आमचे दोघं कधी आजारी पडले नाहीत.

बसचा_पास
तिकीट आधी काढायचं. दारावर कुणी अडवत नाही म्हणून फुकट वाटतं, पण तपासनीस साध्या कपड्यात चढतात आणि ६० युरो घेतात. डॉईचलांड टिकीट २०२३ मध्ये ४९ युरोला सुरू झालं, आता ६३ आहे. महिनाभर देशभर लोकल गाड्या, बस, ट्राम. ते दर महिन्याला आपोआप पुढे चालू राहतं, महिन्याच्या १० तारखेच्या आत रद्द करावं लागतं. जानेवारीचं डिसेंबरच्या १० तारखेच्या आत रद्द करा, नाहीतर भाऊ भरत बसेल.

इसारकाठी
दोघं घरातच असणार तर एवढा पास कशाला, सुटी तिकिटं पुरतील. पैसे जॅकेटला ठेवा.

गोदाकाठची
सगळ्यांचे मनापासून आभार. ठरलं ते असं. आईचं म्हणणं, अंगाला लावून पाहिल्याशिवाय कपडा घ्यायचा नाही, आणि तिथे जाऊन पहिला आठवडा थंडीत दुकानं हिंडायची नाहीत. तिला ते पटवायला मी जाणार नाही. म्हणून दोघांची जॅकेटं इथेच, शरणपूर रोडच्या तिबेटियन मार्केटमधून, आत घालायला थर्मल. बाबांचे पाणी न शिरणारे बूटही इथून, म्हणजे महिनाभर घालून सैल होतील. उरलेले पैसे बाबांच्या बीपीला धरणाऱ्या विम्यात घालतेय, काकांनी लिहिलं ते वाचून आधीची पॉलिसी रद्द केली. तूप नाही, नारळ दोन. किल्लीसाठी गोफ आईने स्वतःच विणायला घेतलाय. पासचा निर्णय भावावर.

इसारकाठी
पस्तावाल. तिबेटियन मार्केटचं जॅकेट नोव्हेंबरच्या पावसात भिजून जड होतं. निदान वरून घालायला एक रेनकोट तरी द्या.

सातारी_तिखट
आणि तूप थोडं तरी न्या.