निनावी खात्यावरून बदनामी : कुठून सुरुवात करावी?

शेवंती
बहीण घरी दहावीच्या शिकवण्या घेते. गावच्या कार्यक्रमाच्या यूट्यूब व्हिडिओखाली कुणीतरी निनावी खात्यावरून लिहिलंय, 'ही बाई पैसे घेऊन पेपर फोडते.' चौकीत एनसी (अदखलपात्र तक्रारीची नोंद) लिहून घेतली आणि 'कोर्टात जा' म्हणाले. एवढंच?

नानबा
बदनामी (भारतीय न्याय संहिता, कलम 356) अदखलपात्र आहे, म्हणजे कोर्टाच्या आदेशाशिवाय पोलिस तपास करू शकत नाहीत. फिर्याद थेट दंडाधिकाऱ्यांपुढे, तीही बहिणीनेच द्यायची.

त्याआधी पुरावा. आत्ता उत्तर देऊ नका, रिपोर्टही करू नका. कमेंट उडाली की हातात काही उरत नाही. कमेंटच्या वर 'दोन दिवसांपूर्वी' असं दिसतं ना, त्यावर क्लिक केलं की त्या एका कमेंटची लिंक मिळते. ती जपा, खात्याच्या पानाचीही जपा. नाव कधीही बदलतं, चॅनलचा आयडी बदलत नाही. स्क्रीनशॉट अख्ख्या पानाचा, पत्त्याच्या पट्टीसकट. इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत द्यायच्या, साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63(4) च्या प्रमाणपत्रात फाइलची हॅश (फाइलवरून काढलेला, तिच्या बोटाच्या ठशासारखा अंक-अक्षरांचा कोड) लिहावी लागते, आणि व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवला की फाइल आकसते, हॅश बदलते. म्हणून मूळ फाइल आणि तो फोन दोन्ही सांभाळा.

कज्जेदलाल
मग यूट्यूब कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला लिहा. बहुतेकदा 'खरंखोटं आम्ही ठरवू शकत नाही' असं उत्तर येतं. सुप्रीम कोर्टाच्या 2015 च्या श्रेया सिंघल निकालानंतर कोर्टाचा किंवा सरकारचा आदेश नसेल तर मजकूर हटवायची सक्ती त्यांच्यावर नाही. उत्तर पटलं नाही तर 30 दिवसांत सरकारच्या तक्रार अपील समितीकडे जाता येतं.

खरा उपाय दिवाणी दावा. माणूस माहीत नसेल तर प्रतिवादी म्हणून चक्क 'अशोक कुमार' लिहितात, आणि खात्याचा फोन, ईमेल, लॉगिनचे आयपी (इंटरनेट जोडणीचे पत्ते) कंपनीकडून मिळावेत असा अर्ज जोडतात. दाव्याची मुदत एकच वर्ष, तीही कमेंट पडल्या दिवसापासून. हटवलेला मजकूर कंपनीने 180 दिवस ठेवायचा असतो, तेव्हा रेंगाळू नका.

तारवाला
नुसता आयपी मागू नका. मोबाइल नेटवर एका आयपीमागे एकाच वेळी कितीतरी ग्राहक असतात. त्यातला नेमका ग्राहक ओळखायला पोर्ट नंबर (आयपीसोबत जोडणीला मिळालेला क्रमांक) आणि सेकंदापर्यंतची वेळ हवी. नोंदी बहुधा यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत) असतात, आपली वेळ साडेपाच तास पुढे. इथे घोळ झाला की भलत्याच्याच दारात नोटीस.

शेवंती
आणखी एक कमेंट आहे, 'शिकवतात रटाळ'. तीही घालू?

नानबा
नको, ते मत झालं. पेपरफुटीचं वाक्य मात्र जसंच्या तसं उतरवा, शुद्धलेखनाच्या चुकांसकट.