रात्री आठचा मेसेज

पर्थचा बॉस रात्री आठला मेसेज टाकतो, सिडनीत बसून उत्तर द्यायचं की नाही, हा तुमचा प्रश्न. आधी घड्याळ बघा. उन्हाळ्यात सिडनीची घड्याळं तासभर पुढे जातात, पर्थची नाहीत. फरक तेव्हा तीन तासांचा होतो. त्याचे तेव्हा पाचच वाजलेले असतात!

माझाही एक वरिष्ठ असाच होता. सहा महिने मी भाजी ढवळता ढवळता उत्तरं टाइप केली, वर मनातल्या मनात शिव्या घातल्या त्या वेगळ्याच. शेवटी विचारलं, तर म्हणे विसरायला नको म्हणून पाठवतो, सकाळी बघ की. आपल्याला 'साहेबाचा फोन' म्हटलं की उभं राहायची सवय, दुसरं काय.

वरच्या कमेंटमध्ये कुणीतरी लिहिलंय की आता असे मेसेज बेकायदा आहेत. तसं नाही. २६ ऑगस्ट २०२४ पासून (पंधराहून कमी माणसांच्या ठिकाणी २०२५ पासून) ऑस्ट्रेलियात कामाच्या वेळेबाहेर मेसेज न बघण्याचा, उत्तर न देण्याचा हक्क मिळालाय. पाठवायला बंदी नाही. शिवाय तुमचा नकार अवाजवी नसावा: निकड, तुमचं पद, त्या वेळेचे पैसे मिळतात का, घरी लहान मूल आहे का, सगळं बघतात. वाद झालाच तर आधी ऑफिसात बोलायचं, फेअर वर्क कमिशन (नोकरीतले वाद सोडवणारी सरकारी संस्था) त्यानंतर.

तुम्ही अजून त्याला एकदाही विचारलेलं दिसत नाही. सोमवारी विचारा, आणि काय म्हणाला ते इथे कळवा.