खांड गेलेल्या खारभूमीवर वाढलेले कांदळवन: शेतकरी आणि मच्छीमार यांच्यात मध्यस्थी कशी करावी?

खारेपाटकर (प्रश्न):
धरमतर खाडीलगतच्या आमच्या गावात 12 वर्षांपूर्वी खारबंदिस्तीला (खाडीचे पाणी अडवणाऱ्या बांधाला) खांड (भगदाड) गेली, ती वेळेवर बांधली गेली नाही आणि उधाणाचे पाणी आत शिरून सुमारे 40 एकर भातशेती खारी झाली. आज तेथे तिवरे (कांदळवनाची झाडे) डोक्याच्या वर गेली आहेत. शेतकऱ्यांना बांध होता तेथेच हवा आहे. कोळी बांधव म्हणतात की चिंबोऱ्या आणि जिताड्याची पिल्ले आता पुन्हा दिसू लागली आहेत, म्हणून एकाही झाडाला हात लागता कामा नये. ग्रामसभेने मध्यस्थी माझ्याकडे सोपवली, पण दोन्ही बैठका भांडणातच मोडल्या. सुरुवात कोठून करावी?

कांदळ:
आधी कायद्याची चौकट सर्वांसमोर वाचावी. मुंबई उच्च न्यायालयाच्या 2018 च्या निकालानुसार जमीन कोणाच्याही मालकीची असली तरी कांदळवन तोडता येत नाही आणि त्याभोवतीचा 50 मीटरचा पट्टाही संरक्षित आहे. तोड हा विषय चर्चेतून निघाला की उरलेल्या गोष्टींवर शांतपणे बोलता येते. खेकडा आणि कालवे पालनासाठी शासनाची 2017 पासूनची उपजीविका योजना आहे, तिचीही माहिती ठेवावी.

उधाण-भांग:
वरील मुद्दा बरोबर आहे, परंतु निकाल वाचून बैठक सुरू केलीत तर शेतकरी उठून जातील, आणि त्यांचे चुकणार नाही. ज्याच्या सातबाऱ्यावर अजून भातशेती लिहिलेली आहे आणि शेतात गुडघाभर चिखल आहे, त्याचे नुकसान आधी गट क्रमांकासह, त्याच्याच तोंडून ऐकून लिहून घ्यावे. आमच्या गावात हे लिहून झाल्यावरच नुकसानभरपाईची मागणी कोळी बांधवांनी आपणहून उचलून धरली.

दुसरे म्हणजे बैठकीची वेळ. आम्ही पहिली बैठक अमावास्येला ओहोटीच्या वेळी ठेवली आणि नेमक्या त्याच वेळी निवट्या, शिंपल्या वेचणाऱ्या कातकरी आणि कोळी बायका चिखलात होत्या. खाडीवर ज्यांची चूल सर्वांत जास्त अवलंबून आहे, त्यांच्याविना निर्णय झाला आणि तो टिकला नाही. अष्टमीच्या सुमारास, भांगाच्या पाण्यात (भरती-ओहोटी कमी असते तेव्हा) बैठक घ्यावी.

खारेपाटकर:
बायकांना बोलावण्याचे आमच्याकडून राहूनच गेले होते. बांधाच्या जागेविषयी काही सुचवाल का?

उधाण-भांग:
जुन्या जागेचा हट्ट सोडून तिवरांच्या मागे, शाबूत शेतीच्या कडेने आणि रीतसर परवानगी घेऊन नवा बांध घालण्याची मागणी करावी. पुढची तिवरे लाटांचा मार स्वतःवर घेतात, त्यामुळे मातीचा बांध अधिक टिकतो. उघाडीची (बांधातल्या पाणी सोडण्याच्या दाराची) झडप कोणी, केव्हा उघडायची हे मात्र त्याच बैठकीत ठरवावे, कारण आमच्याकडे पुढचे भांडण तिच्यावरूनच झाले.

खारेपाटकर:
येत्या अष्टमीला बैठक ठेवतो. त्याआधी जुन्या जाणत्यांसह खांडीपासून उघाडीपर्यंत चालत जाऊन प्रत्येकाचे शेत नकाशावर मांडून घेईन.