नुसता वेग असला की अमेरिकन फुटबॉल जमतो का?

रविवारचा_प्रेक्षक

दर वर्षी ड्राफ्टच्या (संघ कॉलेजमधले नवे खेळाडू निवडतात, त्याच्या) आधी 40 यार्डांच्या धावेचा केवढा गाजावाजा होतो. झेव्हियर वर्दीने 2024 च्या कम्बाइनमध्ये (ड्राफ्टआधीच्या चाचणी शिबिरात) 4.21 सेकंदांचा विक्रम केला आणि कॅन्सस सिटी चीफ्सने त्याला पहिल्याच फेरीत उचललं. मग सरळ हिशोब असा वाटतो, की 100 मीटर 10.1-10.2 मध्ये पळणारा पोरगा आणावा, त्याला वाइड रिसीव्हर (पुढे पळून पास झेलणारा) म्हणून कडेला उभा करावा आणि चेंडू लांब फेकावा. त्याला गाठणार कोण? तरीही ट्रॅकवरचे धावपटू एनएफएलमध्ये (अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगमध्ये) फारसे टिकलेले दिसत नाहीत. नक्की अडतं कुठे? चेंडू झेलता येत नाही एवढंच, की आणखी काही? आणि असा धावपटू खरंच आला, तर त्याला आधी काय शिकवायचं?

पोस्ट_रूट

झेलणं सरावाने बऱ्यापैकी येतं. घोडं पेंड खातं ते थांबण्यापाशी.

आधी आकडे. 40 यार्ड म्हणजे 36.58 मीटर. 4.3 आणि 4.5 यांच्यात 0.2 सेकंदांचा फरक. शेवटी शेवटी खेळाडू सेकंदाला साधारण 10 यार्ड पळत असतो, म्हणजे अंतर झालं दोन यार्डांचं. तेही समोर कोणी नसताना, अंगावर पॅड नसताना आणि स्वतःच्या मर्जीने सुटून. मैदानात पहिलं पाऊल मागे पडलं किंवा कॉर्नरबॅकने (रिसीव्हरला अडवणाऱ्या बचावपटूने) छातीवर एक हात नीट टेकवला, की हे दोन यार्ड तिथेच संपले.

2017 चा ड्राफ्ट बघा. जॉन रॉस 4.22 पळाला (तेव्हाचा कम्बाइनचा विक्रम) आणि सिनसिनाटी बेंगल्सने त्याला नवव्या क्रमांकावर घेतलं. पहिल्या सीझनमध्ये त्याच्या नावावर एकही झेल नव्हता. दुखापतींचा वाटा होता, पण पुढेही तो त्या क्रमांकाला साजेसा कधी खेळला नाही. त्याच ड्राफ्टमध्ये कूपर कप 4.62 पळाला आणि 69 व्या क्रमांकावर लॉस एंजेलिस रॅम्सकडे गेला. 2021 मध्ये त्याने 145 झेल, 1,947 यार्ड आणि 16 टचडाउन (चेंडू शेवटच्या पट्ट्यात नेऊन मिळवलेले गुण) केले. तिन्हींत लीगमध्ये पहिला. वर सुपर बोलचा (लीगच्या अंतिम सामन्याचा) एमव्हीपी, म्हणजे सर्वोत्तम खेळाडूही तोच.

कपकडे काय आहे ते एका कर्ल रूटमध्ये (रूट म्हणजे रिसीव्हरने पळायचा ठरलेला मार्ग) दिसतं. 12 यार्ड पूर्ण जोर लावून पळायचं, एकदम थांबायचं, क्वार्टरबॅककडे (पास फेकणाऱ्याकडे) वळून दोन यार्ड परत यायचं. पहिले 9-10 यार्ड कॉर्नरबॅकला हा लांब चाललाय असंच वाटलं पाहिजे. मग तीन पावलांत थांबायचं. छाती गुडघ्यांच्या वर, कंबर खाली, पावलं आखूड, तिसरं पाऊल जमिनीत रोवायचं; डोकं आधी फिरवायचं, खांदे त्याच्या मागून.

ट्रॅकवरच्या पोराचं इथे काय होतं? त्याला अंतिम रेषेच्या पुढे 30-40 मीटर सैल सोडून द्यायची सवय. थांबायचं म्हटलं की छाती वर उचलून सरळ उभा होतो आणि सहा-सात पावलं घेतो. छाती वर आली की कॉर्नरबॅकला कळलंच. चेंडू तर रिसीव्हर वळण्याआधीच क्वार्टरबॅकच्या हातातून सुटलेला असतो. मग जिथे रिसीव्हर असायला हवा तिथे कॉर्नरबॅक पोचतो आणि इंटरसेप्शन होतं, म्हणजे पास त्याच्याच हातात जातो.

शिकवायचं तर अर्ध्या वेगाने सुरुवात करा. 10 यार्डांवर रेषा आखा, तीन पावलांत थांबवा, 6-8 आवर्तनं, मध्ये मिनिटभर विश्रांती. तीन पावलांत थांबणं जमेपर्यंत वेग वाढवायचा नाही. घाई केली तर गुडघ्यावर आणि मांडीच्या पुढच्या स्नायूंवर ताण येतो, कारण धावताना न लागणारा ब्रेकचा भार तिथेच पडतो.

स्पाइक्स

ट्रॅकच्या बाजूने दोन गोष्टी जोडतो.

100 मीटरचा चांगला धावपटू आपल्या कमाल वेगाला साधारण 50-60 मीटरवर पोचतो. एनएफएलमध्ये क्वार्टरबॅकच्या हातातून चेंडू सरासरी पावणेतीन सेकंदांच्या आसपास सुटतो. तेवढ्या वेळात 4.4 पळणारा फार तर 22-23 यार्डांवर असतो. म्हणजे ज्या टप्प्यात ट्रॅकवाला सर्वांत भारी, तो टप्पा बहुतेक प्लेमध्ये येतच नाही. म्हणून मी 40 च्या वेळेपेक्षा पहिल्या 10 यार्डांची वेळ आधी बघतो. रिसीव्हरसाठी 1.5 सेकंदांच्या आसपास असली की उत्तम.

पॅड आणि हेल्मेटसकट मोजलेला वेगही लक्षात घ्या. टायरीक हिलने 2016 मध्ये चेंडू घेऊन ताशी 23.24 मैल गाठले, म्हणजे 37.4 किमी. उसेन बोल्टचा 2009 च्या बर्लिनमधला कमाल वेग 44 किमीच्या पुढे होता. एवढी दरी असूनही ट्रॅकवाल्यांचा इतिहास असा आहे:

जिम हाइन्स, 1968 च्या मेक्सिको सिटी ऑलिंपिकमध्ये 9.95 मध्ये सुवर्ण. 1969 मध्ये मायामी डॉल्फिन्सकडून सबंध सीझनमध्ये दोन झेल, 23 यार्ड. 'उप्स' हे टोपणनाव झेल सुटण्यावरूनच पडलं.

रेनाल्डो नेहेमाया, 110 मीटर हर्डल्स 13 सेकंदांच्या आत पळणारा पहिला माणूस (12.93, झुरिक, 1981). सॅन फ्रान्सिस्को 49ers कडे तीन सीझन, 43 झेल, 754 यार्ड. वाईट नाही, पण एवढ्या नावाच्या मानाने काहीच नाही.

आणि बॉब हेझ. 1964 च्या टोकियोत 100 मीटर आणि रिले, दोन्ही सुवर्ण. 1965 मध्ये डॅलस काउबॉइजकडून पहिल्याच सीझनला 46 झेल, 1,003 यार्ड, 12 टचडाउन. फरक हा, की हेझ फ्लोरिडा ए अँड एममध्ये आधीपासून फुटबॉल खेळत होता. त्याला ट्रॅकवरून उचलून आणलेला धावपटू म्हणणं चूक आहे.

100 मीटरच्या वेळेवरून 40 चा अंदाज बांधू नका. ट्रॅकवर बंदूक वाजल्यापासून घड्याळ सुरू होतं, त्यामुळे प्रतिक्रियेचा वेळ धरला जातो. कम्बाइनमध्ये खेळाडू हलला की घड्याळ सुरू करतात, तेही हाताने. फक्त शेवट इलेक्ट्रॉनिक. कॉलेजच्या मैदानावर दोन्ही बाजूंनी स्टॉपवॉच असेल तर 0.1 सेकंद तरी मनातल्या मनात वाढवून वाचावं.

रविवारचा_प्रेक्षक

थांबणं-वळणंच महत्त्वाचं म्हणता, मग सिअॅटलकडून खेळलेल्या रिसीव्हर डीके मेटकाफचं काय? त्याची थ्री-कोन ड्रिलची (तीन शंकूंभोवती वळत पळायच्या चाचणीची) वेळ वाईट होती असं वाचलंय.

चौथा_डाउन

बरोबर वाचलंय. 2019 मध्ये 40 यार्ड 4.33, थ्री-कोन 7.38. क्वार्टरबॅक टॉम ब्रेडीची 2000 सालची थ्री-कोन 7.20 होती आणि तो 40 यार्ड 5.28 मध्ये पळाला होता! मेटकाफ तरीही 2020 मध्ये 1,303 यार्डांवर गेला. कारण त्याची उंची 6 फूट 4 इंच, वजन 100 किलोच्या वर, आणि सिअॅटलने त्याला गो (सरळ लांब), स्लँट (तिरपं आत), पोस्ट (लांब जाऊन आत) अशा सरळ किंवा कमी वळणाच्या रूटवर जास्त वापरलं. 2021 मध्ये तो खऱ्या धावपटूंबरोबर 100 मीटर पळाला, 10.36, आणि आपल्या हीटमध्ये शेवटचा आला. म्हणजे त्याला हरवणारे आठ जण त्या एका हीटमध्येच होते.

पण वेगाला एवढंही खाली पाडू नका, पोस्ट_रूट. कडेला 4.3 वाला उभा असला की सेफ्टी (सर्वांत मागचा बचावपटू) दोन-तीन यार्ड अधिक मागे उभा राहतो. त्याला एकदाही चेंडू दिला नाही तरी मधल्या पट्ट्यात टाइट एंडला (मधल्या भागात झेलणाऱ्या धिप्पाड खेळाडूला) मोकळी जागा मिळते. हा फायदा कुठल्या आकडेवारीत त्याच्या नावावर लागत नाही. अट एकच: तो लाइनवरून (खेळ सुरू होतो त्या रेषेवरून) सुटला पाहिजे.

आणि नवा माणूस तिथेच अडकतो. प्रेस कव्हरेजमध्ये कॉर्नरबॅक नाकासमोर, यार्डभरावर असतो. पहिल्या पाच यार्डांत त्याला हात लावायची मुभा आहे. त्यापुढे धरलं-ढकललं तर पाच यार्डांची पेनल्टी आणि आपोआप फर्स्ट डाउन (नव्याने चार प्रयत्न), पण पाचाच्या आत तो तुमची वेळ खाऊ शकतो. सुटायची रीत:

वजन पुढच्या पायावर. चेंडू हलला की पुढचा पाय मागे घ्यायचा नाही. ही नवख्याची पहिली खोड, यात एक अख्खं पाऊल जातं. एक-दोन झटपट पावलांनी कॉर्नरबॅकची कंबर एका बाजूला वळवायची. त्याचा हात आला की मनगटावर किंवा कोपरावर झटका मारून खाली पाडायचा, आणि त्याच्या बाजूचा खांदा खाली करून निघायचं, म्हणजे त्याला पकडायला छाती सापडत नाही. सुटल्यावर लगेच मूळ रेषेवर परत. धावपटू काय करतो, तर धक्का टाळायला गोल फिरून साइडलाइनकडे सरकतो. वेग असतो, पण कडेला चार-पाच यार्डसुद्धा उरत नाहीत. मग क्वार्टरबॅकने टाकायचा कुठे? आणि झेलला तरी दोन्ही पाय आत लागतात. कॉलेजमध्ये एक चालतो, एनएफएलमध्ये नाही.

झेलण्याबद्दल थोडक्यात. छातीच्या वर आला तर अंगठे जवळ, कमरेच्या खाली आला तर करंगळ्या जवळ. लांब चेंडूवर हात शेवटच्या क्षणी वर काढायचे. आधी काढले तर वेग कमी होतो आणि पाठमोऱ्या कॉर्नरबॅकलाही चेंडू आल्याचं कळतं. टाचा आपटत पळणाऱ्याचं डोकं हलतं, चेंडू डोळ्यांसमोर उड्या मारतो. या एका बाबतीत मात्र ट्रॅकचा माणूस फुटबॉलवाल्यापेक्षा चांगला असतो.

पंट_टीम

सगळे रिसीव्हरवरच अडलेत. नवख्या धावपटूला 53 जणांच्या यादीत जागा मिळाली तर ती बहुतेक स्पेशल टीम्समधून (लाथ मारायच्या प्रसंगांसाठीच्या वेगळ्या गटांमधून) मिळते.

पंटच्या (चेंडू लाथ मारून समोरच्या संघाला देण्याच्या) वेळी दोन टोकांना उभे असतात ते गनर. चेंडू लाथाडला जायच्या आधी रेषा ओलांडून पळायची परवानगी त्या दोघांनाच. रूटच्या पुस्तकातलं फारसं काही लागत नाही. समोर एक किंवा दोन अडवणारे, त्यांना चुकवायचं आणि 40-45 यार्ड पळायचं. वेगाचा माणूस इथे पहिल्याच महिन्यात उपयोगी पडतो. चूक होते ती शेवटी: पूर्ण वेगात रिटर्नरवर (तो चेंडू झेलून परत पळणाऱ्यावर) जातो, तो एक पाऊल बाजूला होतो आणि गनर त्याच्या पलीकडे. रिटर्नरच्या चार-पाच यार्ड आधी पावलं आखूड करून आतली बाजू धरायची, त्याला साइडलाइनकडे लोटायचं. आणि झेल पूर्ण व्हायच्या आत धडकलात तर 15 यार्ड जातात.

किकऑफवर (खेळ सुरू करणाऱ्या लाथेवर) मात्र आता तसा फायदा राहिला नाही. 2024 पासून लाथ मारणारा स्वतःच्या 35 वर आणि त्याचे बाकीचे दहा जण थेट समोरच्या संघाच्या 40 यार्डांच्या रेषेवर. चेंडू जमिनीला किंवा खेळाडूला लागेपर्यंत त्यांनी हलायचं नाही. पूर्वी 60 यार्ड सुसाट पळून धडकणाऱ्यांची किंमत होती. आता पाच-सात यार्डांवर ब्लॉक सोडवणारे लागतात. उलट रिटर्नरला मजा आहे, एक फट सापडली की पुढे मोकळं रान.

माझा क्रम विचाराल तर: आधी टॅकल (धरून पाडणं) आणि गनरचं काम, सोबत रोज थांबण्याचा सराव. मग प्रेसमधून सुटणं. रूट सुरुवातीला तीनच: गो, स्लँट, कर्ल. कव्हरेज (बचावाची मांडणी) ओळखून धावता-धावता रूट बदलणं सर्वांत शेवटी; ते पहिल्या वर्षी लादलं तर पोरगा विचार करत पळतो आणि 4.3 वाला 4.7 वाल्यासारखा दिसायला लागतो. वजन वाढवायचं असेल तर ऑफ-सीझनला, आणि दर दोन आठवड्यांनी 10 यार्डांची वेळ घेऊन. वेळ घसरायला लागली की वजन तिथेच थांबवा.